त्रेपन्नची तार

"परत घे गो हे डबडं! सात दिवस नुसतं खरखरतंय. फसवलंस मला!"

प्रणितने अंगठ्याएवढं चंदेरी डोंगल काउंटरवर आपटलं. पेण एसटी स्टँडामागच्या रिपेरिंगच्या दुकानात दुसरं गिऱ्हाईक नव्हतं म्हणून बरं.

मनालीने मान वर केली नाही. सोल्डरिंगच्या धुरावर हळूच फुंकर मारली... आणि तेवढ्यावरच प्रणितचा अर्धा राग उतरला. मग त्याला स्वतःचाच राग आला.

"आपटू नको. त्याला कान हायेत," ती म्हणाली. "तुझ्यापेक्षा बरे हायेत."

माल परत करायचा आज शेवटचा दिवस. मनालीचाही दुकानात शेवटचाच. उद्यापासून ती रोह्याला, धाटावच्या कंपनीत. डोंगल परत दिलं की तिच्याशी बोलायचं कारणच संपलं. हे त्याला सकाळपासून कळत होतं, म्हणून तर तो एवढा ओरडत होता.

गेल्या आठवड्यात मोबाइलवर त्याने एक व्हिडिओ पाहिला. एका माणसाने वाकडी तार आभाळाकडे धरली आणि सॅटेलाइटने काढलेला फोटो त्याच्या फोनमध्ये उतरला! प्रणितला दुसरं काही सुचेना. दहावीत शाळा सोडली त्याला तीन वर्षं झाली होती. तेव्हापासून कशाने डोकं असं फिरलं नव्हतं. तडक दुकानात आला होता. "मोठं मशीन पायजे. ऐकणारं, बोलणारं, सगळं."

"बोलायला लायसन लागतं," मनाली हसली होती. "तुला ऐकायचंय ना? मग ऐकणारंच घे, स्वस्तात होईल." तिने फोनला लावायची, रेडिओलहरी पकडणारी दोन डोंगल पुढे ठेवली होती. "हे निळं प्लास्टिकचं सगळ्यात स्वस्त. पण तापलं की स्टेशन सरकतं. लावावं एक, लागतं भलतंच. हे पत्र्याच्या डबीतलं घे, थोडं जास्त पडेल. पण जागचं हलत नाय."

"माणसासारखं?"

"काही माणसांसारखं... तुझ्यासारखं नाय."

लॅपटॉपही नको म्हणाली, फोन चालतो. तयार अँटेना नको. तांब्याच्या दोन तारा घ्यायच्या, त्रेपन्न-त्रेपन्नच्या, व्हीसारख्या फाकवायच्या. झालं.

"तार कशी लावलीस?" आता तिने विचारलं.

"तू बोललीस तशीच. त्रेपन्न."

"दाखव."

"आता?"

तिने फोनमध्ये वेळ पाहिली. "नऊ बेचाळीसला सॅटेलाइट वरून जातोय." तिने डोंगल उचललं आणि आत मालकाला हाक दिली, "रमेशभाऊ, आलेच हां!"

मागच्या आळीत गणपतीचा कारखाना. प्रणित तिथेच कामाला. गच्चीवर हिरव्या जाळीखाली बिनरंगाचे गणपती सुकत होते आणि उघड्या कोपऱ्यात त्याची अँटेना उभी होती. ती पाहून मनाली जागच्या जागी थांबली. एकेक तार तिच्या खांद्याला लागेल एवढी!

"हे काय, कपडे वाळत घालायला?"

"त्रेपन्न!"

"त्रेपन्न काय?"

"इंच. अजून काय?"

तिने तोंडावर ओढणी धरली. खांदे हलायला लागले. "अरे बाबा... सेंटिमीटर! शाळेत—"

ती थांबली. पण शब्द बाहेर पडला होता. प्रणितचे कान लाल झाले.

"बोल ना. शाळा सोडलेला ढ. बोल!"

मनालीने ओढणी खाली केली. "चूक माझी हाय," ती हळू म्हणाली. "नऊ इंची, अठरा इंची मूर्ती बनवणाऱ्या माणसाला मी नुसतं त्रेपन्न सांगितलं. तू इंचच धरणार."

मास्तर, बाप, शेठ... चूक माझी, असं प्रणितला आजवर कोणी म्हटलंच नव्हतं.

त्याने पक्कड घेतली. तारेवर नजर टाकली आणि कट केली. दुसरीही. मनालीने टेप लावला. एकवीस इंच, नीट.

"न मोजता?"

"डोळा बसलाय."

तिने डोंगल तारांना आणि फोनला जोडलं. फोन दोघांच्या मध्ये. आधी खरखर. मग पडद्यावरच्या निळ्या अंधारात एक रुंद पट्टा उजळला... आणि खाली एक ओळ उमटली. मग दुसरी. शाडूवरून कोरणी फिरावी तसं चित्र निघत होतं. पांढरे ढग. काळं पाणी.

प्रणित फोनवर वाकला. आठशे किलोमीटरवरून येत होतं ते! ह्या दोन तारांत! त्याच्या हाताने कापलेल्या!

"पण समुद्र भलत्याच बाजूला का गो?"

"दक्षिणेकडून वर जातोय, म्हणून चित्र उलटं," म्हणत मनालीने फोन उलटा धरला. त्याची बोटं तिच्या बोटांना लागली, दोघांनीही काढली नाहीत.

किनारा दिसला. नखाएवढी मुंबईची खाडी. तिने जरा बाजूला बोट ठेवलं. "पेण. आणि इथं खाली रोहा."

"एवढंसं अंतर?" त्याने विचारलं. "आपण दोघं हायोत ह्यात?"

"हायोत तर. दिसत नाय... पण हायोत."

खालून टेम्पोचा हॉर्न वाजला. "प्रणित! खांब गावाला मूर्ती पोचवायच्यात, चल!"

"मी डोंगल परत करायला नव्हतो आलो," तो घाईने म्हणाला.

"ठाऊक हाय. परत करणारा बिल घेऊन येतो."

"मग उद्यापासून..."

"पहिली शिफ्ट. तीनला सुटते. रोह्याजवळ वरसेला आमच्या घराला पण गच्ची हाय," ती तारेकडे बघत म्हणाली. "सॅटेलाइट काय एकट्या पेणवरूनच जातो?"

परत हॉर्न. प्रणित जिन्यापाशी गेला, तिथून मागे वळला आणि भांडल्यासारखा ओरडला, "मला तू आवडतेस गो, मनाली! येतो मी रविवारी. आता जायला पायजे, टेम्पो सुटतोय!"