चार मोजायचे

गेल्या मंगळवारी दुपारी प्रायर नावाचा एक तरुण वार्ताहर माझ्याकडे येऊन गेला. जुन्या म्युझिक हॉलमधल्या विनोदी मंडळ्यांचा इतिहास त्याला लिहायचा होता. "क्लेग मंडळीतलं आता तुमच्याशिवाय कुणी उरलेलं नाही, ऑग्डनबाई," असं त्यानं पत्रात लिहिलं होतं. ते वाचूनच माझं डोकं फिरलं. पण म्हटलं, येऊ दे. समुद्रकाठच्या फ्लीटवूडला जानेवारीत येतंय कोण! मी शहाजिरं घातलेला केक भाजला, बैठकीच्या खोलीत शेगडी पेटवली आणि टेबलावर तीन कप मांडले.

त्याला सांगितलं तेच इथं लिहून ठेवते. छापताना ही पोरं काय वाटेल ते करतात.

क्लेग मंडळी म्हणजे एली क्लेग आणि त्याचे सहा गडी. एलीला आम्ही सगळे मालक म्हणायचो. गडी ओल्डहॅम, बरी, रॉचडेल इथल्या कापडगिरण्यांमधून आलेले. चौदा चौदा तास मागावर उभं राहण्यापेक्षा पडण्याआपटण्याचे पैसे मिळाले तर बरे, एवढीच त्यांची कलेची व्याख्या. खेळ एकच, 'शुक्रवारचं जेवण'. एका खाणावळीचं टेबल, सात खुर्च्या, सात उपाशी भाडेकरू. मालक घागरा घालून खाणावळीण व्हायचे. मोठ्या थाटात झाकलेलं ताट आणायचे आणि झाकण उचलायचे. आत एकच हेरिंग मासा. मग जी मारामारी व्हायची ती पाच मिनिटं चालायची. सगळा खेळ तेरा मिनिटांचा. तेवढ्यावर मंडळी सव्वीस वर्षं जगली.

अठराशे शहाण्णव साली माझं विल्फ ऑग्डनशी लग्न झालं आणि मी मंडळीत आले. विल्फ दारुड्या भाडेकरू करायचा, नाक लाल रंगवून. मला लिहितावाचता येत होतं, म्हणून मालकांनी मला विंगेत प्रॉम्प्टर म्हणून उभं केलं आणि हातात एक घड्याळ दिलं.

दर सोमवारी सकाळी नव्या गावात बँडबरोबर तालीम असायची. येईल त्यानं आपल्या संगीताचे कागद रंगमंचाच्या कडेला, दिव्यांपाशी ओळीनं ठेवायचे. ज्याचे कागद पहिले, त्याची तालीम पहिली. मोठा गवई असो की कुत्री नाचवणारा, रांग मोडायची नाही. माझ्या पहिल्याच सोमवारी मालकांनी ड्रमवाल्याला समजावलं, "हे बघ बाबा, झाकण उचललं की तू एकदा वाजव. मग चार मोजायचे. त्या चारात हात लावायचा नाही. मग पुढं."

"चारात होतं काय?" ड्रमवाल्यानं विचारलं.

"हशा."

"कशावर?"

मालकांनी घागऱ्याची नाडी बांधायला घेतली. "तू मोज," ते म्हणाले.

तालमीत आम्ही ते चार कधीच मोजत नसू. मालक नुसतं "चार" म्हणायचे आणि पुढचं वाक्य घ्यायचे, "एक मासा, सात तोंडं!"

त्या संध्याकाळी पहिल्या खेळात मी विंगेत उभी होते. झाकण उचललं. टेबलाला सातवी खुर्ची होती, विल्फच्या डाव्या हाताला, आणि ती रिकामी होती. गडी सहाच असताना एक खुर्ची जास्तीची का, हा प्रश्न मला तेव्हाच पहिल्यांदा पडला. सगळे माशाकडे बघत स्तब्ध बसले होते. कुणी पापणी हलवली नाही. आणि हशानं थिएटर दणाणलं. एवढा हशा मी जन्मात ऐकला नव्हता. चार मोजेपर्यंत टिकला आणि दोरी कापल्यासारखा थांबला.

पडदा पडल्यावर मी विल्फला विचारलं, "हसले कशाला?"

"रोजच हसतात," तो म्हणाला आणि नाक पुसायला लागला.

मला अशी उत्तरं चालत नाहीत. मी घड्याळ लावून मोजायला सुरुवात केली. विगनला चार सेकंद. प्रेस्टनला चार. स्कॉटलंडात ग्लासगोला, जिथं आमच्यासारख्या इंग्लिश नटाला हसणं म्हणजे पाप, तिथंही चार. तिथं आमचा बाकीचा खेळ मेल्यासारखा गेला, पण ते चार सेकंद मिळाले. खुर्ची डावीकडची उजवीकडे ठेवून पाहिली. लोकांच्या माना उजवीकडे वळल्या.

मग एकदा बोल्टनला मी मालकांना डोकं दुखतंय असं सांगितलं आणि तिकीट काढून गॅलरीत जाऊन बसले. समोरून बघायचंच, असा हट्टच होता माझा. झाकण उचललं आणि मी हसले. पोट धरून हसले, डोळ्यांतून पाणी आलं. हसू थांबल्यावर कशाला हसले ते आठवेना. आत्ता होतं, आत्ता गेलं. शेजारी एक मासळीवाली बाई शालीच्या टोकानं डोळे पुसत होती. मी तिला विचारलं, "काय झालं हो?"

"अगं, कसा बसलाय बघ ना मेला!" ती म्हणाली.

मी पाहिलं. खुर्ची रिकामी होती.

मालकांना मी सरळ विचारलं. ते चिडले नाहीत. घागऱ्याचा फाटलेला काठ शिवत बसले होते. म्हणाले, "ती नॅट बर्टवेलची खुर्ची. नॅट काही करायचाच नाही. गळ्यात रुमाल बांधून नुसता बसायचा. पण त्याचं ते बसणं! अठ्ठ्याऐंशी साली बर्नलीला झाकण उचललं, लोक हसले, आणि पडदा पडला तरी नॅट उठेना. हसत होते तेव्हाच गेला होता. पुढच्या आठवड्याला बरीत खेळ होता. माणूस मिळाला नाही, खुर्ची तशीच ठेवली. तिथं हशा आला. आता हशावर बोललं तर पुढचं वाक्य वाया जातं की नाही? मग थांबायला नको?"

"पण हशा येतो कसा?"

"ते मला काय ठाऊक, सेलिना? मी नट आहे. आला की थांबतो."

मान्य करते, मला ते पटलं. सोय म्हणून पटलं. पाऊस का पडतो ते कळलं नाही तरी छत्री घेतोच आपण.

मंडळीत नियम एकच कडक होता. दुसऱ्याच्या हशावर हात टाकायचा नाही. दुसऱ्याला हशा मिळत असताना नाक खाजवलं तरी मालक त्याला त्याच दिवशी परतीच्या गाडीत बसवत. दारू, बायका, उशिरा येणं, सगळ्याला माफी होती. याला नाही.

एकोणीसशे सातच्या मार्चमध्ये आम्ही स्टॉकपोर्टला होतो. बुधवारच्या दुपारच्या खेळाला लंडनचा एक एजंट येणार होता. आवडलं तर मंडळी लंडनला जाणार होती. तो सोमवारी एकदा येऊन गेला होता आणि मालकांशी बोलला होता. ते बोलणं विल्फच्या कानावर आलं. बुधवारी सकाळी तो खालच्या मानेनं चहा ढवळत बसला होता.

"एजंट म्हणाला, त्या लाल नाकवाल्याला काढा. त्याला कुणी हसत नाही."

"म्हणू दे."

"खरंच हसत नाहीत, सेलिना. अकरा वर्षं मी पाव नाकावर घेतोय, बादलीत पाय घालतोय. आणि शेजारी ती रिकामी खुर्ची! तिला नुसतं असावं लागतं." त्यानं चमचा खाली ठेवला. "एकदा. एकदाच माझ्यावर हसू देत. मग काढा म्हणावं."

मला त्याची दया यायला हवी होती. पण मला उशीर झाला होता आणि गड्यांच्या कोटांना बटणं लावायची राहिली होती.

"खुर्चीचा हेवा करतोस? अरे लाकडाची आहे ती," मी म्हटलं. "एवढं असेल तर बस जा तिच्यात."

हे मी म्हटलं. दुसऱ्या कुणी नाही.

दुपारी थिएटर भरलं होतं. बाहेर ऊन होतं, छतातल्या झरोक्यातून त्याचा पट्टा आत येत होता. खेळ नेहमीसारखा सुरू झाला. मालक ताट घेऊन निघाले, तेव्हा विल्फ आपल्या जागेवरून उठला. हलकेच, आवाज न करता. डावीकडच्या खुर्चीत जाऊन बसला. नाकावरचा लाल रंग त्यानं बाहीनं पुसून टाकला होता. गळ्यात रुमाल होता.

मालकांनी ते पाहिलं. पण झाकण उचलावं लागलंच.

ड्रम वाजला.

एक.

काही नाही. थिएटरात खोकलासुद्धा नाही.

दोन.

विल्फ जरासा सरकला. बाकावर कुणाला जागा करून द्यावी तसा.

तीन.

तो बसून राहिला. नुसता. त्याचा चेहरा मला दिसत होता. एवढा सुखी मी त्याला लग्नातही पाहिला नव्हता.

मग हशा आला. नेहमीच्या दुप्पट. छतातल्या झरोक्याच्या काचा थरथरल्या. मी तोंडावर हात दाबून धरला होता.

चार.

"एक मासा, सात तोंडं!" मालक ओरडले, आणि खेळ पुढं गेला. विल्फनं सगळं केलं. पाव नाकावर घेतला, बादलीत पाय घातला. एकही मान त्याच्याकडे वळली नाही. शेवटच्या मारामारीत गडी त्याच्या डोक्यावरून एकमेकांवर हात उगारत होते, मधे कुणी नसल्यासारखे.

पडदा पडला आणि एजंट मागं आला. खुश होता. "पाच माणसं आणि दोन रिकाम्या खुर्च्या!" तो म्हणाला. "लाल नाकवाल्याला काढलंत, झकास झालं."

मालक त्याला दारापर्यंत सोडून आले. मग माझ्याकडे वळले.

"सेलिना, विल्फ कुठाय?"

विल्फ माझ्या शेजारी उभा होता. रुमाल सोडत होता. त्याचा कोपर मला लागत होता.

"हा काय," मी म्हटलं.

मालकांनी माझ्या शेजारी पाहिलं. त्यांच्या गालाचे स्नायू हलायला लागले. त्यांनी ओठ चावला, पाठ फिरवली, पण खांदे गदगदत होते. बघता बघता पाचही गडी भिंतीला टेकून हसत होते, घाबरलेल्या डोळ्यांनी.

पुढचं कागदावर आहे. पोलिसांनी नोंद केली, कालवा ढवळला. डॉक्टरांनी मला एक कडू औषध दिलं. मी सांगत होते की तो इथंच आहे, आणि ऐकणारा प्रत्येक जण आधी हसायचा, मग माफी मागायचा. मंडळी लंडनला गेली नाही. मालकांनी त्या दिवसानंतर घागरा घातलाच नाही.

विल्फ माझ्याकडेच आहे. तो जेवतो, त्याचं ताट रिकामं होतं, हे मी तपासलंय. केस पिकलेत, बोलतो कमी. खुर्चीच्या कडेला बसतो, अर्धी जागा मोकळी सोडून. 'नीट बस' म्हटलं तर म्हणतो, "नीटच बसलोय." तो दु:खी नाही. मी आहे. चोवीस वर्षांत त्याला पाहणारं दुसरं माणूस मला भेटलेलं नाही, आणि 'बस जा तिच्यात' हे वाक्य मीच बोलले होते.

मंगळवारी हे सगळं प्रायरनं वहीत उतरवून घेतलं. चांगला मुलगा आहे, मधे बोलत नाही. शेवटी त्यानं तिसऱ्या कपाकडे पाहिलं. घसा साफ केला.

"नॅट गेला ते साल अठ्ठ्याऐंशीच ना, बाई? नक्की?"

"मला वाटतं. विल्फला विचारा, तारखा त्याला पाठ आहेत," मी म्हटलं आणि शेगडीजवळच्या खुर्चीकडे बोट दाखवलं.

तो वळला. पेन्सिल त्याच्या हातातून पडली. मान मागं टाकून तो हसला, पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग दोरी कापल्यासारखा थांबला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

"माफ करा," तो म्हणाला. "कशाला हसलो तेच... माफ करा हं."

"राहू दे," मी म्हटलं. मनातल्या मनात मी मोजत होतेच. सवय जात नाही.

चार झाले तेव्हाच विल्फनं कप उचलला. हशा चालू असताना हलायचं नाही, हे त्याला अजून ठाऊक आहे.