इंजिनाच्या वहीतलं सर्वनाम

"थांबा! चावी सोडा! अहो, चावी सोडा म्हणते ना!"

धक्क्यावरून ओरडत ती धावली तेव्हा तिच्या एका हातात अवजारांची पेटी होती आणि दुसऱ्या हातात अर्धं खाल्लेलं केळं. शेवटच्या खुंटाला बांधलेल्या जुन्या शिडाच्या नावेतून आवाज येत होता. घर्र... ठक्. पुन्हा घर्र... ठक्. तो आवाज तिने झोपेतसुद्धा ओळखला असता.

नावेच्या पोटातून एक डोकं वर आलं. चष्मा, विस्कटलेले केस, कानामागे तांबडी पेन्सिल.

"मला म्हणालात?"

"इथे दुसरं कोण इंजिनाचा जीव घेतंय?"

"मी फक्त सुरू करत होतो..."

"त्याच्या पोटात पाणी भरलंय! हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. आणखी एकदा चावी फिरवली असतीत तर आतला दांडा वाकला असता. मग बसा शीड धरून."

"तुम्ही कोण?"

"मिस्त्री."

त्याने तिच्या पाठीमागे पाहिलं. मिस्त्री मागून येत असावेत, अशा आशेने.

"मागे कोणी नाही," ती म्हणाली. "मीच."

सगळा धक्का तिला छोटी मिस्त्री म्हणायचा. मोठे मिस्त्री म्हणजे तिचे बाबा. गुडघे गेल्यापासून ते आपल्या दुरुस्तीच्या कारखान्याच्या दारात खुर्ची टाकून बसत आणि येणाऱ्याजाणाऱ्या नावांची दुखणी नुसत्या आवाजावरून सांगत. आणि हा चष्मेवाला होता मुद्रितशोधक. लोकांच्या पुस्तकांतल्या चुका काढणं हा त्याचा धंदा. मामांनी जाताना ही नाव त्याच्या नावे केली आणि सहा महिन्यांपूर्वी तो पुस्तकांच्या खोक्यांसह तिच्यावर राहायला आला. शिडाचं त्याला थोडंफार कळे. इंजिन म्हणजे त्याच्या लेखी जिन्याखालची एक पेटी होती, आणि तिच्यात कोणीतरी रागीट राहत होतं.

बॅटरी घेऊन ती त्या पेटीपाशी ओणवी झाली.

"हे बघा. समुद्राचं पाणी या पाइपातून येतं, इंजिन थंड करतं आणि धुराबरोबर मागून बाहेर पडतं. पण इंजिन आहे पाण्याच्या पातळीखाली. एकदा पाइप भरला की इंजिन बंद केल्यावरसुद्धा पाणी आपोआप ओढलं जातं. गुपचूप. म्हणून पाइपाला अशी उंच कमान देतात, आणि कमानीच्या डोक्यावर बारीक भोकाची टोपी. भोकातून हवा शिरते, धार तुटते, समुद्र समुद्रात राहतो. आता तुमच्या टोपीला..."

ती थांबली. बोट टोपीवर तसंच राहिलं.

"हे गुलाबी काय आहे?"

"खोडरबर," तो हळूच म्हणाला.

"खोडरबर."

"ते गळत होतं हो... माझं टेबल बरोबर खाली येतं. रोज प्रुफांवर खारे थेंब. एकदा तर एका अख्ख्या प्रस्तावनेचा लगदा झाला."

"गळत नव्हतं, श्वास घेत होतं! तुम्ही त्याचं नाक बुजवलंत!"

त्याचा चेहरा असा काही उतरला की तिचा पुढचा डोस घशातच राहिला.

"वाचेल का?" त्याने विचारलं. दवाखान्याच्या दाराबाहेर उभं राहून विचारावं तसं.

"खारं पाणी आहे. आज उघडलं तर वाचेल, उद्यावर टाकलं तर गंज धरेल." तिने बाह्या सरसावल्या. "बॅटरी धरा. माझ्या तोंडावर नाही, इंजिनावर."

तो रविवार होता. संध्याकाळपर्यंत तिने इंजिनातलं पाणी उपसलं, आत तेल सोडलं, आणि दिवेलागणीला इंजिन खोकत, शिंकत, काळा धूर ओकत सुरू झालं. मुद्रितशोधकाने टाळ्या वाजवल्या. मग ओशाळून हात खिशात घातले.

पण पाणी पिऊन बसलेलं इंजिन एका दिवसात माणसात येत नाही. तेल पुन्हा पुन्हा बदलावं लागतं, त्याचा दुधाळपणा जाईपर्यंत. म्हणून ती रोज कारखान्यातलं काम आटोपून शेवटच्या खुंटाशी येऊ लागली.

"तुमच्याकडे वाटी आहे का?" सोमवारी तिने विचारलं. "नट ठेवायला."

"वाटी नाही. कपबशी चालेल?"

"एकच कप आहे वाटतं?"

"एकटाच असतो ना... म्हणजे, कप एकटा असतो. मीही असतो. वेगळे नाही, एकत्रच..."

"कळलं," ती म्हणाली आणि हसू लपवायला पुन्हा इंजिनात शिरली.

मंगळवारी त्याने सांगितलं, शनिवारी ग्राहक येतोय. दाताचे डॉक्टर. ताईने शोधला. ताईचं म्हणणं, ज्याला भोक गळतंय की श्वास घेतंय एवढं कळत नाही, त्याने पाण्यावर राहू नये. समुद्रापासून आठ तासांवर ताईचं घर होतं, तिसऱ्या मजल्यावर. तिथे खोली तयार होती.

"तिथे बरं," ती पाना घट्ट धरून म्हणाली. "तिसऱ्या मजल्यावर पाणी चढायचं भय नाही."

"हो... नळालासुद्धा येत नाही म्हणे."

ती हसली नाही. इतकं चांगलं वाक्य वाया गेलं म्हणून तो झोपेपर्यंत खट्टू राहिला. ती का हसली नाही, हे मात्र त्याच्या डोक्यात आलं नाही.

गुरुवारी घरी बाबांनी पकडलंच.

"तीन दिवसांचं काम. आज पाचवा. इंजिन आहे की जावई?"

"बाबा!"

"मी आपला आवाजावरून बोलतो. इंजिन कधीच बरं झालंय. दुसरंच काहीतरी ठकठकतंय."

शुक्रवारी शेवटचं काम राहिलं होतं. टोपीच्या भोकाला बारीक नळी जोडून ती मोरीत सोडायची. म्हणजे भोकाने खुशाल श्वास घ्यावा आणि थेंब प्रुफांऐवजी मोरीत पडावेत. नळी बसवताना तिच्या मनात आलं, नळीवरची ही कडी जरा सैल ठेवली तर? उद्या डॉक्टरांसमोर दोन थेंब गळले तर? ...तिने कडी दोनदा आवळली. मग स्वतःवरच चिडून तिसऱ्यांदा. उद्या इंजिन उत्तम चालणार होतं, आणि उत्तम चाललं की तो जाणार होता. तिच्याच हातच्या कामाने.

शनिवारी दाताचे डॉक्टर पांढरे बूट घालून आले. बरोबर पत्नी. त्या शाळेत व्याकरण शिकवत. इंजिन एका चावीत सुरू झालं, नाव बंधाऱ्याला वळसा घालून आली, आणि डॉक्टर सगळा वेळ कठड्याला मिठी मारून "छान, छान" म्हणत राहिले.

नाव बांधल्यावर तिने इंजिन बंद केलं. "आता एक तास थांबायचं. पाणी शिरतं ते इंजिन बंद झाल्यावर. तासाने तेलाची पट्टी काढून दाखवते. तेल स्वच्छ तर इंजिन निर्धास्त."

"दुरुस्तीची काही नोंद?" डॉक्टरांनी विचारलं.

"आहे ना!" मुद्रितशोधक उत्साहाने म्हणाला. "रोजची आहे." त्याने टेबलावरची वही उचलून दिली. दिली, आणि मग त्याचा चेहरा पांढराफटक पडला. हात वहीमागे गेला, पण वही डॉक्टरीणबाईंच्या हातात पोचली होती आणि त्या वर्गात वाचतात तशा खणखणीत आवाजात वाचू लागल्या होत्या.

"'सोमवार. तेल दुधाळ. त्या म्हणाल्या, हे इंजिन आहे, गवळ्याची चरवी नाही. मंगळवार. त्यांनी नट माझ्या कपात ठेवले आहेत. दोन दिवस बशीतून चहा पितो आहे. कप परत मागायचा धीर होत नाही.'"

"मागायचा ना मग!" छोटी मिस्त्री म्हणाली.

"'बुधवार. माझ्या नजरेतून सुटलेली चूक तिने प्रुफावर दाखवली. पानावर तिच्या बोटाचा काळा ठसा. ते पान छापखान्यात पाठवलं नाही, दुसरं मागवलं. गुरुवार. ती आज लवकर गेली. इंजिन ठीक. बाकी ठीक नाही. शुक्रवार. तिच्या गालावर ग्रीसचा डाग होता. सांगितला असता तर तिने पुसला असता. म्हणून सांगितला नाही.'"

"मी तशीच वाण्याकडे गेले होते!" ती ओरडली. "म्हणून तो वाणी..." तिचे कान तापले होते.

मुद्रितशोधक मोरीकडे बघत उभा होता. तिथून समुद्रात जाता आलं असतं तर गेला असता.

"एक सांगू?" डॉक्टरीणबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "मंगळवारपर्यंत 'त्या' आहेत. बुधवारपासून एकदम 'ती' झाली. तुम्ही मुद्रितशोधक ना? मग?"

"चूक झाली..." त्याने वही घेतली, कानामागची पेन्सिल काढली आणि बुधवारचं 'तिने' खोडून वर 'त्यांनी' लिहिलं. "दुरुस्त करतो. लगेच करतो."

"चला हो," डॉक्टरीणबाई नवऱ्याला म्हणाल्या.

"अगं, पण इंजिन उत्तम आहे!"

"इंजिन उत्तम आहे. पण नाव रिकामी नाही. आणि तुम्ही अर्धी फेरी डोळे मिटून होतात, ते मी पाहिलंय."

डॉक्टरांच्या चेहऱ्यावर एवढी सुटका उमटली की त्यांनी हात जोडले ते पत्नीला की देवाला, कळलं नाही. पांढरे बूट जपत दोघं धक्क्यावरून दिसेनासे झाले.

नावेत दोघंच उरली. पाणी लाकडावर चुळुक चुळुक वाजत होतं.

"किती खोडलंत?" तिने विचारलं.

"बुधवारचंच. गुरुवार, शुक्रवार बाकी आहेत."

"आणा इकडे." तिने वही ओढून घेतली. "तुमच्या धंद्यात बरोबर असलेलं चुकून खोडलं तर काय करतात?"

"त्याच्याखाली टिंबं देतात. म्हणजे... जसं होतं तसंच राहू द्या."

तिने त्याच्या हातातून पेन्सिल घेतली. जीभ दातांत धरून, नट आवळताना धरायची तशी, तिने खोडलेल्या 'तिने'खाली एकेक टिंब दिलं. एक... दोन... तीन. चौथं उगाचच.

त्याने चारही टिंबं मोजली.

"तू..." तो म्हणाला, आणि एवढ्यावरच त्याचा दम संपला.

"तेवढं पुरे आजच्याला," ती म्हणाली. तिचाही आवाज जरा दुधाळच झाला होता.

तेलाची पट्टी काढायची आठवण झाली तेव्हा दोन तास उलटले होते. तेल स्वच्छ होतं, मधासारखं. ती पट्टी उजेडात धरून तो असा बघत होता, जणू आयुष्यात पहिल्यांदाच बिनचूक छापलेलं पान हाती आलं होतं. तेवढ्यात त्याचा फोन वाजला.

"ताई," तो घाबरून म्हणाला. "काय सांगू?"

"खरं ते सांगा."

त्याने फोन कानाला लावला. पलीकडून बराच वेळ एकतर्फी आवाज येत राहिला.

"नाही गं ताई, विकली नाही... नाही, इंजिन उत्तम आहे... आता नाही विकणार... हो, ग्राहक गेला..." त्याने छोट्या मिस्त्रीकडे पाहिलं आणि एक मोठा श्वास घेतला. "व्याकरणामुळे."