जागा सोडलेला बोया

"गुरुवारपर्यंत या घरात कुणीही मोठ्याने बोलायचं नाही!" मामीने न्याहारीच्या टेबलावर जाहीर केले आणि सुट्टीला आलेल्या तिघा भावंडांपैकी एकाची सुट्टी तिथेच संपल्यात जमा झाली. त्याला घरी, शाळेत आणि मैदानावर सगळे भोंगा म्हणत. वय बारा, आवाज चौघांचा.

"आणि शुक्रवारी?" भोंग्याने कुजबुजत विचारले. शेजारच्या कुत्र्याने कान टवकारले.

"शुक्रवारी बहुतेक माझं कामच उरणार नाही. मग ओरड हवा तेवढा."

मामी हसली नाही. भोंग्याची बहीण, तेरा वर्षांची ताई, हिच्या ते लगेच लक्षात आले. मामी हसत नाही म्हणजे पाणी कुठेतरी मुरते आहे, हे तिला माहीत होते. मामा दौऱ्यावर होता, तेव्हा विचारायचे ते मामीलाच.

"मामी, काय झालंय?"

मामीने कॉम्प्युटरचा पडदा त्यांच्याकडे वळवला. त्यावर दोन रेघा होत्या, निळी आणि पिवळी.

"निळी रेघ उपग्रहाची. तो सातशे किलोमीटर उंचीवरून जातो आणि रोज साडेदहाच्या सुमारास आपल्या तळ्याचं पाणी किती तापलंय ते बघतो. पिवळी रेघ बोयाची. तळ्याच्या मध्यावर तो पिवळा बोया तरंगतो ना, त्याच्या पोटात थर्मामीटर आहे. वरून उपग्रह मोजतो, खालून बोया. दोघांचं जुळलं की आकडा खरा. अकरा वर्षं जुळत होतं. त्यावरूनच आम्ही म्हणू शकलो, की हे तळं सव्वा अंशाने तापलंय."

"आणि आता?"

"दहा आठवड्यांपासून बोया तीन अंश जास्त दाखवतोय. उपग्रह बाकी सगळ्या तळ्यांवर बरोबर आहे. म्हणजे खोटं बोलतोय तो माझा बोया. गुरुवारी मोठे साहेब येणार आहेत. कारण सापडलं नाही, तर अकरा वर्षांचे आकडे अधिकृत यादीतून बाद."

"सगळे?" भोंगा ओरडला आणि स्वतःच तोंडावर हात ठेवला.

"एकदा खोटं बोलला, तर आधीही बोलला नसेल कशावरून? ते असंच विचारणार. मीही असंच विचारलं असतं."

"थर्मामीटर बिघडला असेल," ताई म्हणाली.

"तो रोज स्वतःची तपासणी करून निकाल पाठवतो. ठणठणीत आहे. आणि दुरुस्तीची बोट पुढच्या महिन्याशिवाय मिळत नाही."

"बोया हलला असेल तर?"

"अडीचशे किलोचा नांगर आहे त्याला. तो कुठे जातोय!" मामीने पडदा पुन्हा आपल्याकडे वळवला. संभाषण संपले.

या सगळ्यात तिसरी होती ती खिडकीत बसून चित्र काढत होती. ती त्यांची मावसबहीण, वय आठ. दोघे जातील तिथे मागोमाग जाते म्हणून तिचे नाव शेपूट पडले होते. मामीच्या दुर्बिणीतून ती तळे बघे आणि कागदावर उतरवी. मागच्या सुट्टीतले तिचे असेच एक चित्र वर्षभर फ्रिजवर चिकटवलेले होते.

"अगं, हे चुकलं," ताई नव्या चित्रात डोकावून म्हणाली. "फ्रिजवरच्या चित्रात बोया पाण्याच्या टाकीच्या बरोब्बर समोर आहे. इथे तू बोट क्लबच्या धक्क्याशी काढलायस."

"मी नाही चुकले! बोया तिथेच आहे."

"काहीतरीच! आण ती दुर्बीण."

ताईने दुर्बीण डोळ्यांना लावली आणि बराच वेळ खाली घेतली नाही. पलीकडच्या काठावरची टाकी जागच्या जागी होती. तिच्यासमोर नुसते पाणी होते. पिवळा ठिपका पार उजवीकडे, धक्क्याजवळ डुलत होता.

"भोंग्या," ती हळूच म्हणाली, "मामीला आत्ताच सांगायचं नाही. आधी मोजायचं."

*

बुधवारी सकाळी "नावेतून चक्कर मारून येऊ?" असे विचारल्यावर मामी मान न उचलताच "हं" म्हणाली. म्हातारे नावाडी आजोबा ओळखीचे होते. त्यांनी तिघांना लाइफ जॅकेट घातली, दोनदोनदा पट्टे ओढून पाहिले आणि मगच वल्ही हातात घेतली.

"बादली कशाला रे? तळं रिकामं करायचंय का?"

"आजोबा, आम्ही शास्त्रज्ञ आहोत!" भोंगा म्हणाला. घराबाहेर बंदी नव्हती.

"मग ठीक आहे. मला वाटलं, पोरं आहात."

आधी ते बोयाजवळ गेले. तिथे पाणी इतके उथळ होते, की तळाचे दगड दिसत होते. भोंग्याने दोरी बांधलेली बादली सोडली, ती ओढताना स्वतःच अर्धा बाहेर लोंबकळला आणि शेपटाने त्याची पँट घट्ट धरून ठेवली. ताईने बादलीत थर्मामीटर बुडवला.

"सत्तावीस पॉइंट आठ! वेळ दहा वाजून दहा मिनिटं."

तेवढ्यात धक्क्यावरून आवाज आला, "ए पोरांनो! बोयाला हात लावायचा नाही! सरकारी वस्तू आहे!"

ते बोट क्लबचे मॅनेजर होते. पांढरीशुभ्र टोपी, गळ्यात शिट्टी. बोयाची साखळी एका मोठ्या दगडाला क्लबच्याच निळ्या दोरीने बांधलेली होती. ती ताईने नीट पाहून घेतली आणि म्हणाली, "नाही हो काका, नुसतं बघतोय."

मग नाव मध्यावर निघाली. वारा सुटला होता, लाटा फळ्यांवर आपटत होत्या. शेपूट मांडीवर जुने चित्र धरून दिशा सांगत होती. मामीच्या खिडकीवरचे लाल छप्पर मागे, टाकी पुढे आणि नाव दोन्हींच्या मधोमध.

"इथे! थांबा आजोबा!"

साडेदहा वाजले होते. डोक्यावर, दिसणार नाही इतक्या उंचीवर, उपग्रह जात असणार. भोंग्याने त्याला हात केला. बादली वर आली.

"चोवीस पॉइंट सहा," ताई म्हणाली आणि तिने आकडा वहीत लिहिला.

संध्याकाळी उपग्रहाचा आकडा आला. चोवीस पॉइंट तीन.

ताईने दोन्ही चित्रे आणि वही मामीपुढे ठेवली. मामीने ते वाचले. मग ती उठली आणि दुर्बीण घेऊन खिडकीशी उभी राहिली.

"काठाचं उथळ पाणी उन्हात लवकर तापतं," ती शेवटी म्हणाली. "उपग्रह मध्यावरचं पाणी बघतोय, बोया काठावरचं. दोघंही खरंच बोलत होते." मग तिने क्लबला फोन केला. पलीकडून उत्तर आले, "आमचा काही संबंध नाही. वाऱ्याने सरकत आला असेल, वर्षभरात. धक्क्यावर आपटू नये म्हणून आम्ही नुसता बांधून ठेवला."

मामी खुर्चीत बसली. "सरकत आला म्हणजे कधीपासून? फरक दहा आठवड्यांपूर्वी दिसला, पण तो त्याआधीच हलू लागला असेल तर? तारीख कळल्याशिवाय खरे आकडे कुठले आणि खोटे कुठले, कसं सांगू? हे तर वर्षभराचं बुडालं. साहेब बाकीचंही ठेवणार नाहीत." तिच्या डोळ्यांत पाणी होते आणि ते तिने लपवले नाही.

*

गुरुवारी क्लबच्या व्हरांड्यात साहेब, मामी आणि मॅनेजर उभे होते आणि त्यांच्या मागे तिन्ही मुले. साहेब किडकिडीत होते आणि काखेत फाइल होती. मॅनेजरांचे पालुपद एकच होते. "वारा हो साहेब, वारा! शिवाय पाणी ते पाणी. इथे काय आणि तिथे काय!"

ठरल्याप्रमाणे ताईने भोंग्याला कोपर मारले. जन्मात पहिल्यांदाच त्याला मोठ्याने बोलायची परवानगी मिळाली होती.

"काकांचं खरं आहे साहेब!" तो गरजला. "बोया वाऱ्यानेच आला असणार! या क्लबच्या मोटारबोटीत एवढा जड बोया ओढायचा दम कुठला? नावाडी आजोबा तर म्हणतात, ही बोट बदकसुद्धा ओढणार नाही!"

"बदक?" मॅनेजरांची टोपी हलली. "अरे, काय समजलास! शर्यतीच्या मार्गात आडवा येत होता, म्हणून नांगरापासून साखळी सोडवली आणि सहा तारखेला, शर्यतीच्या आदल्या दिवशी, याच बोटीने अर्ध्या तासात..."

ते थांबले. पण फार उशिरा.

"सहा तारीख," साहेबांनी शांतपणे फाइल उघडली. पिवळी रेघ दहा आठवड्यांपूर्वी, नेमकी सात तारखेलाच उडी मारून वर गेली होती. त्याआधी एकदाही नाही.

"नंतर परत ठेवणार होतो," मॅनेजर पुटपुटले. "राहून गेलं."

"राहून गेलं, म्हणून एका बाईंची अकरा वर्षं बुडत होती," साहेब म्हणाले. "उद्या बोया त्याच बोटीने जागेवर जाईल. अर्ध्या तासात."

मग ते मामीकडे वळले. "दहा आठवडे बाद. बाकी सगळे आकडे राहतील. आणि मुलांनो, विमान पाठवून तपासणी करायच्या गोष्टी चालल्या होत्या आमच्या. तुम्ही बादलीत भागवलंत. शाबास!"

त्यांनी मागच्या सुट्टीतले चित्र मागून घेतले, फाइलमध्ये लावले आणि मागे लिहिले, 'पुरावा क्रमांक एक'. शेपटाने नवे चित्रही देऊ केले. ते क्रमांक दोन झाले.

परतल्यावर मामी घराच्या पायरीवर थांबली. "अकरा वर्षं मी सातशे किलोमीटरवरून हे तळं बघत राहिले. स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघायचं कधी सुचलंच नाही. तुला कसं ग दिसलं?"

"तुम्ही सगळे कामात असता," शेपूट म्हणाली. "मला कुणी काही करू देत नाही. मग मी बघत बसते."

मामीने दुर्बीण तिच्या गळ्यात अडकवली, तिला जवळ घेतले आणि भोंग्याला म्हणाली, "ओरड आता हवा तेवढा!"

भोंगा ओरडला. शेजारचे कुत्रे पलंगाखाली गेले.