नागाऐवजी माकूल

"चित्रकार कुठायत?"

टळटळीत उन्हात आलेल्या त्या आवाजाने रुस्नानीने मान वर केली. दक्षिण थायलंडमधल्या साईबुरीच्या किनाऱ्यावर, अंगणातल्या वाळूत एक नवी कोरी होडी ओढून आणलेली होती आणि तिला रेलून एक उंच तरुण उभा होता... घामाने निथळणारा, पण हसरा.

होड्यांवर चित्रं काढणारा चित्रकार म्हणजे तिचा दाउदमामा. तो दोन दिवसांसाठी मुलीकडे गेला होता. आठ वर्षं रुस्नानी त्याच्या हाताखाली होती. रेषा मामाने ओढायच्या, रंग हिने भरायचे. 'मी कधी काढू?' म्हटलं की ठरलेलं उत्तर – 'पुढच्या मोसमात.' असे आठ मोसम सरले होते.

"समोर उभी आहे," ती म्हणाली.

"तुम्ही?"

"का? मिशा हव्या होत्या?"

तो खळखळून हसला. नाव हमदान. ही त्याची पहिली स्वतःची होडी.

"नाग काढा, सगळ्यांसारखा," तो म्हणाला.

"तुम्ही समुद्रात नाग पकडता?"

"छे! माकुलं पकडतो."

"मग नाग कशाला?"

रुस्नानीने कोळसा उचलला. होडीच्या पुढच्या नाळेपासून मागच्या टोकापर्यंत एक लांबलचक माकूल पसरत गेलं. त्याचे दहा हात वेलींसारखे वळत, लाटांत शिरत, पुन्हा वर येत होते...

हमदान घरी गेलाच नाही. सुरूच्या सावलीत बसून बघत राहिला. मध्येच उठून गोकर्णाच्या फुलांनी निळा केलेला भात आणि बर्फाचा चहा घेऊन आला.

"तुमच्या गालावर रंग लागलाय," तो हळूच म्हणाला.

"मग पुसायला सांगताय, की नुसतं बघताय?"

"नुसतं... बघतोय."

तिने तोंड फिरवलं. पण पुढची रेघ जरा जास्तच लाडात वळली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मामा परतला, तेव्हा शेवटचा पिवळा रंग अजून ओला होता. होडीभोवती चार कोळी जमून हसत होते. मामाचा चेहरा लाल झाला.

"कुणाला विचारून काढलंस?"

"कुणालाच नाही."

"माकूल! लोक मला हसतील. हे घे, खरवड सगळं!" त्याने लोखंडी पट्टी तिच्यासमोर धरली.

"मी नाही खरवडणार. चूक असेल तर दाखवा, मामा. कुठली रेघ चुकलीय?"

मामा वाकला. या टोकापासून त्या टोकापर्यंत बोट फिरवत गेला. चूक सापडली नाही, म्हणून तो आणखीच चिडला.

"माझ्या अंगणात हे चालायचं नाही!"

"मग अंगण तुमचं. हात माझे आहेत."

तिने आपले तीन कुंचले उचलले, ओढणीच्या टोकाने पुसले आणि चालू लागली. मान ताठ होती. हमदान मागून धावत आला.

"माझ्यामुळे तुमचं काम गेलं."

"तुमच्यामुळे कसं? रेघा मी ओढल्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी सुरूच्या झाडाखाली तिने रंगाचे डबे मांडले. आठवडाभर कुणी फिरकलं नाही. हमदान मात्र रोज येऊन जायचा, चहा घेऊन. नवव्या दिवशी एक म्हातारा कोळी आला आणि लाजत म्हणाला, "माझ्या होडीवर... खेकडा जमेल का गं?"

त्या संध्याकाळी हमदान आला तेव्हा खेकड्याची एक नांगी रंगून झाली होती. तो नुसता वाळू उकरत बसला.

"काय झालं?"

"आई म्हणते, मी तुझ्या मामाकडे जाऊन रीतसर... म्हणजे त्यांनी हो म्हटलं, तर मग मी तुला..."

रुस्नानीने कुंचला डब्यात ठेवला. लाल रंगाने माखलेली बोटं सरळ त्याच्यापुढे धरली.

"मामाला नंतर सांगू. हमदान, माझ्याशी लग्न करशील?"

तो दचकला. किनाऱ्यावरचे सगळे कोळी बघत होते. मग त्याने तो रंगलेला हात सगळ्यांसमोर घट्ट धरला आणि म्हणाला, "करीन. पण खेकडा पुरा कर आधी. म्हातारा वाट बघतोय."