पेंढ्याचं वासरू

सांगते ते खरं आहे. पटलं तर वाचा, नाहीतर पुढे सरका.

या पेजवर तुम्ही लोक काय काय टाकता ते मी वाचत असते. पांढरी साडी, उलटे पाय, विहिरीवरची बाई. हसू येतं मला. माझ्या बाबतीत घडलं तेव्हा ना अमावास्या होती ना रात्र. मागच्या वर्षीचा फेब्रुवारी, मंगळवार, दुपारचे तीन. जागा म्हणजे देवासजवळच्या आमच्या कॉलेजचा गोठा.

माझं नाव विद्युल्लता. आजीनं ठेवलेलं. हजेरी घेताना एकूण एक सर अडखळायचे. घर धारचं. पणजोबा दरबारात मोठे कारभारी होते, हे आमच्याकडे रोज जेवताना ऐकवतात. मी पशुविज्ञानाला प्रवेश घेतला तेव्हा घरात सुतक पडल्यासारखं झालं. दरबारी घराण्यातली पोर शेण काढणार म्हणे! कारभार गेला, तोरा काही जात नाही.

शेवटच्या वर्षी प्रत्येकाला एक गाय देतात. तीन महिने तिचं खाणं, दूध, वासरू सगळं आपण सांभाळायचं आणि त्यावर रिपोर्ट लिहायचा. रिपोर्ट फेल तर वर्ष गेलं. मला माळवी गाय मिळाली, पांढरी, मोठ्या शिंगांची. तिचं वासरू आठ दिवसांचं होतं.

दुधाचं माप कळावं म्हणून वासराला बादलीतून पाजायचं असतं. आपली बोटं दुधात बुडवायची, वासरू ती चोखतं, मग हात हळूहळू बादलीत न्यायचा. गोठ्यातल्या मालनबाई हे काम तासन् तास करत बसायच्या. साठीच्या, रोजंदारीवरच्या, सहीच्या जागी अंगठा. ताई, घाई करू नका, एवढंच त्यांचं शास्त्र. मी चार वर्षं पुस्तकं घोकलेली, आणि ही बाई मला शिकवणार?

एका दुपारी त्या चारा आणायला गेल्या होत्या. मला मैत्रिणींबरोबर बाजारात जायचं होतं. मी वासराची मान वर धरली आणि बाटली सरळ घशात ओतली.

दूध छातीत गेलं.

तीन दिवस ते खोकत होतं. खर्र... खर्र... बारीक, ओला खोकला. चौथ्या दिवशी मेलं.

सरांनी विचारलं, पाजत कोण होतं? मी गप्प. सगळ्यांनी मालनबाईंकडे पाहिलं. त्याही गप्प. मला वाटलं, काय बावळट बाई आहे, स्वतःची बाजूसुद्धा मांडता येत नाही. जानेवारीअखेर त्यांना काढायचं ठरलं.

माळवी गाय समोर वासरू असल्याशिवाय पान्हा सोडत नाही. तिचं दूध बंद झालं, म्हणजे माझा रिपोर्टही बंद. तेव्हा मालनबाईंनी, नोकरी जायची ठरलेल्या बाईनं, मेलेल्या वासराचं कातडं वाळवलं, त्यात पेंढा भरला, चार काठ्यांचे पाय लावले आणि ते सोंग गाईपुढे उभं केलं. गाय चाटू लागली. दूध आलं.

मी आभार मानले का? छे. वर्गात मी त्याची खिल्ली उडवली. कातड्याचा वास सुटला होता, डोळ्यांच्या जागी भोकं होती, आणि परीक्षक यायचे होते. परीक्षकांना हे बुजगावणं दाखवायचं? मालनबाई गेल्या त्याच संध्याकाळी मी ते खताच्या खड्ड्यात फेकलं. माझ्या वर्गातला पीयूष म्हणाला, काम तो आ रहा है यार, रहने दे. मी ऐकलं नाही.

आठवडाभर दूध नाही.

मग तो मंगळवार. मी बादली घेऊन बसले. गोठ्यात दुसरं कुणी नव्हतं. गाय हळूच हंबरली... वासराला हाक मारते तशी.

तिनं मान खाली घातली... आणि चाटायला लागली.

समोर काहीही नव्हतं. जीभ हवेत फिरत होती, जमिनीपासून हातभर वर. मध्येच अडत होती, जणू पाठीवरून मानेवर जात होती.

आणि पान्हा आला. बादली वाजायला लागली.

मी घाबरले असेन असं वाटतं ना तुम्हाला? मला आनंद झाला. दोन लिटर. ही पान्हा कुणाला बघून सोडतेय, हे मी विचारलंच नाही. मला दूध हवं होतं.

रोज तीन वाजता तेच. झाडून काढलेल्या जागेवर रोज थोडा पेंढा पडलेला. पीयूषनं गाईचं ते चाटणं एकदा पाहिलं आणि तो परत गोठ्यात आला नाही. डरपोक, म्हटलं.

मग एके दिवशी गव्हाणीखालून आवाज आला.

खर्र... खर्र...

तो खोकला मी ओळखला. बादली उचलली आणि उभी राहिले. दुसरा हात खाली लोंबत होता, बोटांना दूध लागलेलं...

कुणीतरी माझी बोटं तोंडात घेतली.

वासराचं तोंड ओलं असतं, उबदार असतं. हे कोरडं होतं. आत पेंढा टोचत होता. आणि ते चोखत होतं.

बादली तिथेच टाकून मी पळाले.

मालनबाई देवासच्या टेकडीखाली एका खोलीत राहायच्या. मी थेट तिथे गेले. त्या तांदूळ निवडत बसल्या होत्या. सगळं सांगितलं, फक्त बाटलीचं सोडून. त्याला घालवायचं कसं, विचारलं.

"ताई, ते भुकेलं आहे," त्या म्हणाल्या. "भुकेल्याला घालवतात का?"

मी उठले. तेव्हा त्यांनी मान वर केली.

"खोकला मी पहिल्याच दिवशी ऐकला होता. घशात बाटली ओतली की असाच खोकला येतो. तुमचं शेवटचं वर्ष, म्हणून बोलले नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी सरांकडे जाऊन खरं सांगायचं, एवढंच करायचं होतं मला. दोन मिनिटांचं काम. मी रिपोर्ट जमा केला. एक्याण्णव टक्के आले. धारला पेढे वाटले, आणि जेवताना पणजोबांच्या जोडीला आता माझंही नाव घेतात. मालनबाई कुणाकडे तरी भांडी घासतात.

बावळट कोण होतं ते आता कळतंय. सांगितलं मात्र अजून कुणाला नाही, तुम्हालाच पहिल्यांदा.

सध्या मी धार जिल्ह्यातल्या डही गावात आहे, दूध वाढवायच्या एका योजनेत नोकरीला. गावोगाव फिरते. लोक खूश आहेत. म्हणतात, मॅडमच्या हाताला गुण आहे, मॅडम आल्या की आटलेली गायसुद्धा पान्हा सोडते.

खरंच सोडते. मी दारात उभी राहिले की गाय हळूच हंबरते... मान वळवते...

पण ती माझ्याकडे बघत नाही. माझ्या गुडघ्याशेजारी बघते.

मी हात खिशातच ठेवते.