बुटक्या हायवेचं वळण

मामाचा पाय मुरगळला नसता तर तो माझ्या वाट्याला आलाच नसता. आमच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नवे विद्यार्थी मामाच घेतो. पण त्या सकाळी मामा सोफ्यावर पाय वर करून कण्हत होता, आणि दारात हा उभा... नखशिखान्त भिजलेला, हातात मिटलेली छत्री!

"छत्री उघडायची असते," मी म्हटलं.

"आईची आहे. ओली झाली तर ओरडेल."

त्याच्या आईनं फोनवर सांगून ठेवलंच होतं, "याला जरा वळण लावा हो!"

घेतलं लावायला. आमच्या बुटक्या हायवेवर. शहराच्या मध्याभोवतीचे दोन मोठे रस्ते जोडणारा हा तुकडा चढलो म्हणेपर्यंत संपतो. तेवढ्यात लेन बदलून फाटा पकडायचा. तो चुकला की अख्ख्या शहराला वळसा!

याचा रोज चुकायचा.

"पाटी दिसली नाही, मॅडम."

"चष्म्याचं दुकान कोणाचं?"

"माझंच... पण तिथे दुसऱ्यांचे डोळे बघतो ना." आणि हळूच माझ्या डोळ्यांत बघायचा.

"समोर बघा!"

मी काही बावळट नाही. हा मुद्दाम चुकतो, हे मला दुसऱ्याच दिवशी कळलं. पण काचेवर पाऊस, वायपरची खरखर, त्याच्या फालतू कोट्या... तो वळसा मलाही आवडायला लागला होता.

मामा लंगडत बाहेर आला आणि म्हणाला, "परीक्षा त्याच फाट्यावर असते. उद्या चुकला तर नापास. मग त्याला मी शिकवणार."

म्हणजे पास झाला तरी गेला, नापास झाला तरी गेला. बरी पंचाईत!

दुसऱ्या दिवशी परीक्षक शेजारी, मी मागच्या सीटवर. पठ्ठ्यानं असा अलगद फाटा घेतला की परीक्षकांनी मानच डोलावली. मी मात्र मनात म्हटलं, आता हा कशाला येतोय!

परीक्षक उतरले. त्यानं किल्ली माझ्यापुढे धरली. "दुकानापर्यंत सोडाल? हात थरथरतायत."

"पास झालात की!"

"म्हणूनच..." तो पुटपुटला.

मी स्टिअरिंग हातात घेतलं. बुटका हायवे आला. फाटा आला. इंडिकेटरकडे माझा हातच गेला नाही. फाटा गेला.

"मॅडम... चुकला!"

"पाटी दिसली नाही."

तो बघतच राहिला. "मग डोळे तपासायला हवेत. रोज यावं लागेल."

"येईन. पण मॅडम म्हणायचं नाही. आणि ऐका — मला तुम्ही आवडता. सरळ सांगते, मला वळसे घालता येत नाहीत."

"मग आत्ता हे काय चाललंय?"

मी लाजले. हो, मीसुद्धा! तो मनापासून हसला. "मला तर तुम्ही छत्रीवरून झापलंत तेव्हापासून..." इतक्यात त्याचा फोन वाजला. आई.

"वळण लागलं का विचारेल. काय सांगू?"

"सांगा, लावणारीच बिघडली."