प्रगतीच्या सात वह्या

पोशेऱ्याच्या घरात प्रगतीनं पत्र्याची पेटी उघडली. पीएचडीच्या आठ वह्यांपैकी सात गायब! विषय होता एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजी कादंबऱ्यांमधला धर्म. चार वर्षांचं काम. सोमवारी सगळी प्रकरणं मार्गदर्शकांपुढे ठेवली नाहीत, तर नोंदणीच रद्द होणार होती.

मोखाड्याहून हवालदार जयश्री भोये आल्या. बाईंना चहाच्या आधी प्रश्न लागतात.

"दुसरी प्रत?"

"नाही. उद्या जव्हारला टायपिंगला नेणार होते."

"संशय?"

"दिपेशवर. माझ्याबरोबर पीएचडी करतो, त्याचाही विषय हाच. परवा आला होता."

धाकटी बहीण रुपी दारातून म्हणाली, "माझीपन वही नाय. वाडीतल्या पोरांना बेरजा शिकवते ती."

जयश्रीबाई थबकल्या. पेटीतली छापील इंग्रजी पुस्तकं जागच्या जागी होती. उरलेल्या आठव्या वहीचं कव्हर कोरं होतं.

"हिच्यात काय आहे?"

"निष्कर्ष. सगळ्याचं सार."

"आणि गेलेल्या वह्यांवर?"

"क्रूस काढले होते मी. आत चर्चची चित्रंही."

"मग दिपेश नाही," बाई म्हणाल्या. "वाचता येणाऱ्यानं निष्कर्ष सोडला नसता आणि बेरजांची वही नेली नसती. चोरानं अक्षरं पाहिलीच नाहीत, फक्त खुणा पाहिल्या. बेरजेचं चिन्हही त्याला क्रूस वाटलं. रुपीची वही कुठे असते हे घरच्यालाच ठाऊक, आणि आई गेल्यापासून घरात तुम्ही तिघं. त्यात वाचता न येणारे एकच."

त्या ओट्यावर बसलेल्या बारक्याकडे, पोरींच्या बापाकडे वळल्या. "बाबा, वह्या कुठायत?"

"राबात. काल भाजला."

भाताच्या रोपांसाठी पालापाचोळा पसरून जमीन भाजतात, त्यात वह्यांची राख झाली होती.

"का?"

"लगीन लावनारी ढवलेरी बाय बोलली, घरात क्रूस हाय तं मी येनार नाय. रुपीचा लगीन आठ दिसांवर. ढवलेरी नाय आली तं लगीन कोन लावील?"

"बा!" प्रगती ओरडली. "आपले देव खोटे म्हननाऱ्या पाद्र्यांच्या विरुद्धच लिवला होता मी!"

म्हातारा तिच्याकडे वळला. "मंग माला आदी का नाय सांगला?"

परिषदांमध्ये हा विषय प्रगतीनं पन्नासदा समजावला होता. घरात एकदाही नाही. तिला स्वतःचीच लाज वाटली.

"तक्रार लिहून घेऊ?" बाईंनी विचारलं.

"नको. बाला नेलं तर मांडव कोण घालील?"

बारक्या चाचरत म्हणाला, "पोरी, नवा लिवशील ना?"

"नाय, बा. आता नाय होनार."

रुपीच्या लग्नाचा चौक, तांदळाच्या पिठानं काढायचं देवीचं चित्र, भिंतीवर लिहायचा होता. प्रगतीनं शेणाची पाटी उचलली आणि भिंत सारवायला घेतली.